‘बाटणे’ : धर्म सोडण्यासाठीच्या एका मराठी शब्दाची चिकित्सा

प्रास्ताविक

धर्म सोडणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. बाटणे, भ्रष्ट होणे, पतित होणे, धर्मत्याग, धर्मांतर असे कितीतरी शब्द कोशांत आणि बोलण्यात आढळतात. एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयावरील समीक्षालेखनात मात्र हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. एकाच परिच्छेदात एकच व्यक्ती कधी ‘बाटते’, कधी ‘धर्मांतर करते’, तर कधी ‘ख्रिस्ती होते’, आणि त्याने अर्थात काही फरक पडतो असे लिहिणाऱ्यास वाटत नाही. पाश्चात्त्य धर्मेतिहासातील ‘अपोस्टसी’ या संज्ञेचेही भाषांतर कोणी ‘धर्मांतर’ असे करतो, कोणी ‘धर्मभ्रष्टता’ असे. वास्तविक या प्रत्येक शब्दाच्या पोटात माणूस आणि त्याचा धर्म यांच्या नात्याविषयीची एक वेगळी कल्पना दडलेली आहे.

प्रस्तुत लेखात या शब्दकुळातील ‘बाटणे’ हे क्रियापद केंद्रस्थानी ठेवले आहे. प्रश्न मुख्यतः व्याकरणाचा आहे : या क्रियेचा कर्ता कोण? मराठी माणसाचा धर्म बदलतो तेव्हा ती त्याने केलेली गोष्ट असते, की त्याच्या बाबतीत घडलेली? या प्रश्नाचे उत्तर शब्दागणिक बदलते, आणि ज्या माणसाविषयी तो शब्द वापरला जातो त्याची बाजू ऐकली जाणार की नाही, हेही पुष्कळदा त्यावरच ठरते.

‘अपोस्तासिया’ : दूर उभे राहणाऱ्याचा गुन्हा

तुलनेसाठी प्रथम ग्रीक शब्द पाहणे सोयीचे होईल. ‘अपोस्टसी’ हा शब्द ग्रीक ‘अपोस्तासिया’वरून आला. ‘अपो’ म्हणजे पासून, दूर. आणि ‘स्तासिस’ म्हणजे उभे राहणे. संस्कृत ‘स्था’ धातूचाच हा दूरचा भाऊबंद. शब्दशः अर्थ ‘दूर उभे राहणे’. (ख्रिस्ताच्या शिष्यांसाठी वापरला जाणारा ‘अपोस्तोलोस’ म्हणजे प्रेषित हा शब्द निराळा, तो ‘पाठवणे’ या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. दोन्हींत समान आहे तो केवळ उपसर्ग.) या शब्दाचे मूळ धर्मात नव्हते. थ्युसिडिडीसच्या इतिहासात इ. स. पूर्व ४२८ मध्ये मिटिलिनी हे नगर अथेन्सची साथ सोडते, त्या बंडासाठी याच कुळातील शब्द येतो. करारात बांधलेल्या मित्राने किंवा मांडलिकाने पक्ष सोडणे, हा त्याचा मूळचा राजकीय अर्थ.

धर्माच्या क्षेत्रात हा शब्द शिरला तो ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंच्या लेखनातून. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात राजाचे अधिकारी मोदीन या गावी येऊन लोकांना यज्ञ करायला भाग पाडतात, त्या प्रसंगी ‘अपोस्तासिया’ हा शब्द आहे. येथे एक विलक्षण उलटापालट दिसते. राजाच्या दृष्टीने बंडखोर ठरतात ते यज्ञ नाकारणारे. ग्रंथकाराच्या दृष्टीने बंड करतात ते राजाची आज्ञा पाळणारे, कारण त्यांचा खरा राजा देव आहे. राजनिष्ठेचा शब्द अशा रीतीने ईश्वरनिष्ठेला लागू झाला. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलावर आरोप येतो तो याच शब्दाने : परदेशी राहणाऱ्या ज्यूंना तो मोशेपासून फुटायला शिकवतो. ख्रिस्ती परंपरेचा हा आद्य प्रचारक आपल्या मूळ समाजाच्या लेखी ‘अपोस्तासिया’चा शिक्षक होता, ही गोष्ट पुढे हाच शब्द इतरांवर फेकणाऱ्या ख्रिस्ती धर्मसत्तेने सोयीस्करपणे विस्मरणात टाकलेली दिसते.

रोमन सम्राट डेशियसच्या काळात, इ. स. २५० च्या सुमारास, देवतांना बळी अर्पण केल्याचे दाखले प्रत्येकाला घ्यावे लागले. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. छळाला भिऊन ज्या ख्रिस्ती लोकांनी बळी दिला त्यांना लॅटिनमध्ये ‘लाप्सी’ म्हणजे घसरलेले म्हटले गेले. ‘घसरलेला’ आणि ‘फुटलेला’ यांतील अंतर चर्चला ठाऊक होते : घसरलेल्याला प्रायश्चित्तानंतर परत घेता येई, फुटलेल्याबाबत मतभेद होते. इ. स. ३६१ ते ३६३ या काळात राज्य केलेल्या ज्युलियन या सम्राटाला तर ‘अपोस्टेट’ हे विशेषण नावासारखेच चिकटले. त्याने स्वतःला कधी तसे म्हटले नाही. स्वतःच्या मते तो पूर्वजांच्या देवतांकडे परतला होता, आणि सोडून गेले होते ते ख्रिस्तीच.

सेमिटिक भाषांतही असाच प्रकार आहे. अरबी ‘इर्तिदाद’ म्हणजे मागे फिरणे. मुहम्मद पैगंबरांच्या निधनानंतर इ. स. ६३२-३३ मध्ये झालेल्या ‘रिद्दा’च्या युद्धांत जकात देण्याचे नाकारणाऱ्या टोळ्यांचा राजकीय फुटीरपणा आणि धर्म सोडणे ही एकच गोष्ट मानली गेली. हिब्रूत ‘मुमार’ म्हणजे बदललेला, तर ‘मेशुमाद’ हा त्याहून कठोर शब्द नाशवाचक धातूपासून बनला आहे. जाता जाता एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. अरबीत ‘परत फिरणे’ हा सर्वात मोठा धार्मिक अपराध ठरला, तर अलीकडच्या काळात हिंदीतून मराठीत आलेल्या ‘घरवापसी’ या शब्दात परत फिरणे हेच पुण्यकर्म ठरते. क्रिया एकच, ती कोणाच्या अंगणातून पाहिली जाते यावर तिचे मोल ठरते.

या शब्दांतील साम्य असे की ‘लाप्सी’सारखा अपवाद वगळता धर्म सोडणारा येथे कर्ता आहे. तो उठतो, फुटतो, वळतो, दूर उभा राहतो. म्हणूनच त्याला दोषी ठरवता येते, शिक्षा करता येते. त्याच्या कृतीला हेतू आहे असे त्याचे शत्रूही गृहीत धरतात.

‘बाटणे’ : कर्त्याविना क्रिया

आता मराठीकडे वळावे. ‘बाटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. माणूस बाटतो, त्याचप्रमाणे भांडे बाटते, पाणी बाटते, विहीर बाटते. मोल्सवर्थच्या कोशातही या शब्दाचा अर्थ विटाळ होणे या अंगानेच उलगडला आहे. या क्रियापदाला इच्छा लागत नाही, कळणे लागत नाही, श्रद्धा तर मुळीच लागत नाही. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेलेल्या विहिरीच्या कथेत हेच दिसते : फिरंग्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी गावाने नकळत पाणी प्यायले आणि अख्खा गाव बाटला. इतिहास म्हणून ही कथा टिकणारी नाही. शब्दार्थाचा पुरावा म्हणून मात्र तिच्या तोडीचे उदाहरण सापडणे कठीण. येथे कोणी येशूचे नाव घेतलेले नाही, कोणी मूर्ती नाकारलेली नाही. धर्म गेला तो घशातून.

या क्रियापदाला प्रयोजक रूप आहे : ‘बाटवणे’. त्याला कर्ता आहे, पण तो दुसराच कोणी असतो, मिशनरी, मुसलमान सरदार किंवा फिरंगी. ज्याचा धर्म बदलतो तो साध्या रूपात भोगणारा आणि प्रयोजक रूपात कर्म. ‘मी बाटलो’ असे वाक्य मराठीत शक्य आहे, पण ते पश्चात्तापाचे किंवा विलापाचे वाक्य आहे; निर्णयाचे नव्हे. ‘बाटगा’ हे नाम तर हेटाळणीचेच. नव्याने आलेला अधिक मोठ्याने बांग देतो, अशा आशयाची म्हणही त्याच्या वाट्याला आली. या म्हणीतही बाटग्याची श्रद्धा खरी असू शकेल ही शक्यता हिशेबात घेतलेली नाही.

धर्मशास्त्रातील ‘पतित’ या संज्ञेची रचना याहून फारशी निराळी नाही. पडणे हीही न ठरवता होणारी क्रिया. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी सांगितला आहे : नातलगांनी त्याला मृत समजून उदकदान करावे आणि दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडावा. याच विधीला ‘घटस्फोट’ म्हणतात. आज हा शब्द मराठीत केवळ विवाहविच्छेदासाठी उरला आहे. ग्रीकमध्येही ‘अपोस्तासिया’चे सख्खे भावंड ‘अपोस्तासिओन’ हे सूटपत्रासाठी, म्हणजे घटस्फोटाच्या लेखासाठी वापरले जाई. दोन दूरच्या परंपरांत धर्मविच्छेद आणि विवाहविच्छेद यांची अशी शेजारशेजार मांडणी व्हावी हे लक्षणीय आहे. पण फरक त्याहून लक्षणीय आहे. ग्रीक शब्दात दूर होणारा चालतो. येथे घट लवंडतात ते मागे राहिलेले. गेलेल्याला त्या विधीत काहीच करायचे नसते. तो मेलेला असतो.

ज्या गोष्टीचा विटाळ होतो ती पुन्हा शुद्ध होऊ शकते का, हा पुढचा प्रश्न. धर्मशास्त्रातील द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात भांड्याभांड्यांत भेद केला आहे. धातूचे भांडे राखेने घासून शुद्ध होते. मातीचे पुन्हा भाजावे लागते, आणि काही विटाळांनंतर तर भाजूनही उपयोग नसतो, ते टाकूनच द्यावे लागते. मध्ययुगापासून महाराष्ट्रात जो शुद्धीचा वाद झाला तो एका अर्थाने याच प्रश्नाभोवती फिरतो : माणूस तांब्याचा मानायचा की मातीचा? देवलस्मृती त्याला तांब्याचा मानते. म्लेंच्छांनी पकडून नेलेल्यांसाठी तिने प्रायश्चित्त सांगितले आहे आणि वीस वर्षांपर्यंत तिकडे राहिलेल्यालाही शुद्धीची वाट मोकळी ठेवली आहे. मात्र तिचा आधार ‘बलात्’ या पदावर आहे. बळाने नेलेल्याची शुद्धी होते; आपल्या पायांनी चालत गेलेल्याचा विचार तेथे केंद्रस्थानी नाही. औरंगजेबाच्या कैदेत १६६७ मध्ये मुहम्मद कुली खान झालेला नेताजी पालकर १६७६ मध्ये परतला आणि त्याला स्वधर्मात घेतले गेले, ते या चौकटीत बसते. नेताजी बाटवला गेला होता.

याउलट श्रीपत शेषाद्रीचे प्रकरण पाहावे. १८४३ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या सहवासात आलेल्या नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत साधारण बारा वर्षांचा होता. त्याचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. न्यायालयाने तो अजाण ठरवून वडिलांच्या ताब्यात दिला. कायद्यापुरते प्रकरण येथे मिटले. जातीपुरते सुरू झाले, कारण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि त्यापायी त्यांना स्वजातीयांचा मोठा रोष सोसावा लागला. न्यायालय विचारत होते, या मुलाला स्वतःचे मत आहे काय? ज्ञाती विचारत होती, याच्या पोटात काय गेले? एकाच मुलाविषयी एकाच वर्षी, एकाच शहरात विचारलेले हे दोन प्रश्न दोन भिन्न शब्दकोशांतून आलेले आहेत.

जवळजवळ अर्धशतकानंतर पुण्यात तेच पुन्हा घडले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला तसाच ठेवला. त्यात न्या. रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले आणि अखेर प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. त्या सभेतील कोणाचाही ख्रिस्ती मतावर विश्वास बसला असा आरोप कोणी केला नव्हता. तशी गरजही नव्हती.

गोवा : एकाच देहावर दोन शब्द

या दोन अर्थव्यवस्थांची प्रत्यक्ष टक्कर गोव्यात झाली. तेथे १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले आणि मधला चार वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. या न्यायासनाचा मुख्य रोख होता तो बाप्तिस्मा घेतल्यावरही जुने आचार सांभाळणाऱ्यांवर. १७३६ च्या तिच्या जाहीरनाम्यात स्थानिक ख्रिस्ती लोकांना निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींची लांबलचक यादी आहे : घराजवळ तुळस ठेवणे, मीठ न घालता भात शिजवणे, लग्नकार्यातील विशिष्ट रिवाज, पेहरावाचे प्रकार. न्यायासनाच्या मते ही धर्माकडे पाठ फिरवल्याची लक्षणे होती. अळणी भात शिजवणाऱ्या त्या बाईचा हेतू काय होता? कदाचित सासूने शिकवलेली रीत पाळणे, एवढाच.

म्हणजे त्याच एका घराबद्दल दोन निवाडे झाले होते. सोयऱ्याधायऱ्यांच्या लेखी ते घर बाटलेले होते, त्याच्याकडचे पाणी चालत नव्हते. न्यायासनाच्या लेखी ते घर सदोदित फुटण्याच्या बेतात होते. पहिल्या शब्दात त्या माणसांच्या मनाला जागाच नव्हती. दुसऱ्यात मनाला इतकी जागा होती की तुळशीच्या रोपातूनही बंडाचा हेतू वाचला जाई. या दोहोंपैकी क्रूर कोणता हे ठरवताना इतिहासकारांनी स्वाभाविकपणे न्यायासनाकडे बोट दाखवले आहे, आणि छळाचा हिशेब पाहता ते योग्यच आहे. परंतु गोव्यातील गावडे समाजातील अनेक कुटुंबे १९२८ मध्ये विनायक महाराज मसूरकरांच्या पुढाकाराने शुद्ध करून घेतली गेली, त्यानंतरही ती ‘नवहिंदू’ म्हणून वेगळीच ओळखली गेली. घासून लख्ख केलेल्या भांड्यालाही खूण राहिलीच.

‘धर्मांतर’ : द्रव्य तेच, धर्म दुसरा

‘धर्मांतर’ हा शब्द आज सर्वात तटस्थ समजला जातो. देशांतर, वेषांतर, भाषांतर यांच्या पंक्तीत तो बसतो. संस्कृतातील त्याचा मूळ अर्थ मात्र ‘दुसरा धर्म’ एवढाच, आणि तेथे ‘धर्म’ म्हणजे बहुधा गुण किंवा स्वभाव. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात तिसऱ्या पादातील तेराव्या सूत्राखाली परिणामाची व्याख्या करताना हा शब्द येतो. द्रव्य कायम असताना आधीचा धर्म निवृत्त होऊन त्यात दुसरा धर्म उत्पन्न होणे म्हणजे परिणाम, असा त्याचा आशय. उदाहरण सोन्याच्या भांड्याचे दिले आहे : ते मोडून दुसरे काही घडवले तर आकार बदलतो, सोने बदलत नाही.

हा संदर्भ आधुनिक मराठी शब्दाचा थेट उगम आहे असा दावा करण्याचे कारण नाही. तरीही दोन्ही शब्द शेजारी ठेवले की भेद झळझळीत दिसतो. ‘बाटणे’ या क्रियापदानुसार वस्तूच बिघडते. तिच्या द्रव्यात काहीतरी शिरते. ‘धर्मांतर’ या शब्दानुसार माणूस तोच राहतो आणि त्याचा एक धर्म जाऊन दुसरा येतो. बाटलेल्या मुलाचे जिवंतपणी श्राद्ध घालता येते. धर्मांतर केलेला मुलगा मुलगाच राहतो, निदान शब्दाला तरी तसे म्हणायचे आहे.

इंग्रज सरकारच्या १८५० च्या एकविसाव्या कायद्याने हा भेद वारसाहक्काच्या भाषेत आणला. जो धर्म सोडतो, ज्याला धर्मसमूहातून वगळले जाते किंवा जो जातीला मुकतो, अशा कोणाचाही मालमत्तेवरील हक्क त्या कारणाने बुडणार नाही, असे त्याने ठरवले. कायद्याने सोडणारा आणि वगळला गेलेला यांना एका ओळीत पण वेगवेगळ्या क्रियापदांनी नमूद केले, ही बारीक गोष्ट आहे. ज्ञातीच्या कोशात यांतले पहिले क्रियापद नव्हते.

आत्मकथनांची साक्ष

ज्यांच्याविषयी हे शब्द वापरले गेले त्यांनी स्वतः काय म्हटले? मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने प्रस्तुत विषयाचा सर्वात समृद्ध भाग हाच आहे, आणि समीक्षेने सर्वाधिक हेळसांड केली आहे तीही याचीच. या ग्रंथांना ‘धर्मांतराच्या कथा’ असे एक लेबल लावले की काम संपते, असा समज दिसतो.

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते कोशकारही होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती त्यांनीच १८६३ मध्ये सिद्ध केली. आपल्याला लोक कोणत्या शब्दाने हिणवतात आणि त्या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे त्यांच्याइतके काटेकोरपणे क्वचितच कोणाला ठाऊक असेल. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ते पहाटेचे. अरुणोदय होतो, तो कोणी करत नाही. म्हणजे ‘बाटणे’ नाकारताना त्यांनीही अकर्मक घटनाच निवडली, फक्त विटाळाच्या जागी उजेड आला. याच पुस्तकाच्या १८९० मधील इंग्रजी अवताराचे नाव मात्र ‘वन्स हिंदू : नाउ ख्रिश्चन’ असे आहे. पूर्वी हे, आता ते. इंग्रजी वाचकाला स्पष्ट सीमारेषा हवी होती. मराठी नावात अंधार हळूहळू विरळ होत जातो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. वृत्तपत्रांच्या लेखी प्रकरण त्या दिवशी पूर्ण झाले होते. रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या साक्षीत मात्र वेगळेच सांगितले आहे : त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. टीकाकार ज्या क्षणाला त्याग समजत होते तो त्यांच्या स्वतःच्या हिशेबात अर्धवट टप्पा होता. ख्रिस्ती मराठीत अशा लेखनाला ‘साक्ष’ म्हणतात, आणि हा न्यायालयीन शब्द येथे चपखल बसतो. साक्षीदार आपण पाहिलेले सांगतो. निवाडा देणारा दुसरा असतो, याची त्याला जाणीव असते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४ पासून प्रसिद्ध) या शब्दाची खरी उलटतपासणी घडते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. मधला काळ विरहाचा, आणि पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्यावर वेगळ्या चुलीचा, वेगळ्या पाण्याचा. पतीच्या सावलीत राहायचे, पण त्याच्या हातचे पाणी प्यायचे नाही, ही कसरत त्यांनी विनोदाने सांगितली आहे. त्या विनोदाखाली ‘बाटणे’ या क्रियापदाची रोजची अंमलबजावणी आहे : घागर कोणी भरली, कोणाचा हात लागला, कोणत्या भांड्यात काय शिजले. ही सोवळ्या-ओवळ्याची आणि जातिभेदाची पकड त्यांच्या मनातून सुटली ती बाप्तिस्म्याच्या आधी. पाणी आधी, पंथ नंतर. ज्ञातीच्या व्याख्येनुसार त्या ज्या दिवशी बाटल्या त्या दिवशी त्या ख्रिस्ती नव्हत्या. आणि ज्या दिवशी ख्रिस्ती झाल्या त्या दिवशी बाटण्यासारखे काही उरलेच नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ला पतीच्या धर्मांतराची आणि पाठोपाठ पत्नीच्या धर्मांतराची कथा म्हणणाऱ्यांच्या नजरेतून हे दोन दिवसांमधले अंतर निसटते. वास्तविक या ग्रंथाचे सारे नाट्य त्या अंतरात आहे.

स्वतः टिळक आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. सेतूच्या प्रतिमेत सोडणे नाही. पूल ओलांडणाऱ्याला मागचा काठ दिसत राहतो, आणि पूल तर त्याच काठावरून सुरू होतो.

‘घेणे’ आणि ‘त्याग करणे’

धार्मिक निर्णय व्यक्त करणारे सकर्मक क्रियापद मराठीत नव्हतेच, असे म्हणणे चुकीचे ठरेल. वारकरी माळ घेतो. महानुभाव उपदेश घेतो. कोणी गुरूचा अनुग्रह घेतो, कोणी दीक्षा घेतो. ख्रिस्ती मराठीनेही नेमके हेच क्रियापद उचलले : बाप्तिस्मा ‘घेतला’ जातो. पंथात प्रवेश करणाऱ्याला मराठीने नेहमीच कर्ता मानले आहे. कर्तेपण नाकारले ते केवळ बाहेर पडण्याच्या बाबतीत, आणि तेही जातीबाहेर पडण्याच्या बाबतीत. माळ घेणारा वारकरी जातीत राहून माळ घेऊ शकत होता. त्यामुळे त्याचे ‘घेणे’ कोणाला खुपत नव्हते.

‘बाटणे’ या शब्दाची एक अंतर्गत विसंगती येथे पुढे येते. ज्यांच्या स्पर्शाने इतर बाटतात असे मानले गेले, ते स्वतः कसे बाटणार? ज्याच्याजवळ शुद्धी असल्याचे व्यवस्थेने कधी मान्यच केले नाही, त्याची शुद्धी जाणार कशी? अस्पृश्य समाजातील माणसांनी धर्म बदलला तेव्हाही त्यांच्याविषयी हे क्रियापद वापरले गेले, पण तेथे ते तर्कदृष्ट्या पोकळ होते. मागे राहणाऱ्यांना चिंता विटाळाची नव्हती, संख्येची होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे जी घोषणा केली तिचे सामर्थ्य या पार्श्वभूमीवर नीट कळते. हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, हिंदू म्हणून न मरणे मात्र आपल्या हाती आहे, असा तिचा आशय. जे घडते आणि जे केले जाते यांच्यामध्ये येथे रेघ ओढली आहे. पुढे ३१ मे १९३६ रोजी मुंबईत केलेल्या ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात त्यांनी धर्मांतर या प्रश्नाची सामाजिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही अंगांनी चर्चा केली, आणि धर्म बदलल्याने येणाऱ्या नव्या नावाचे महत्त्वही हिशेबात घेतले. ‘धर्मांतर’ हा शब्द तोपर्यंत टीकाकारांच्या किंवा सरकारी कागदांच्या भाषेत तिऱ्हाइताविषयी वापरला जात असे. त्या भाषणात तो प्रथमच एवढ्या मोठ्या समुदायाच्या स्वतःविषयीच्या चर्चेचा विषय झाला.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी याच्या विरुद्ध दिशा धरली, ही खेदाची बाब आहे. ओरिसाच्या १९६७ च्या आणि मध्य प्रदेशाच्या १९६८ च्या कायद्याने बळ, प्रलोभन आणि फसवणूक यांनी केलेल्या धर्मांतराला गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात हे कायदे वैध ठरवताना, प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. बळाला आळा घालण्याबद्दल वाद नाही. पण या कायद्यांतील क्रियापद व्याकरणदृष्ट्या ‘बाटवणे’च आहे : कर्ता प्रचारक, कर्म धर्म बदलणारा. शब्द तेवढा तटस्थ घेतला आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो लोकांनी उच्चारलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकोणिसावी या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. तीत ‘धर्मांतर’ हा शब्द नाही. ‘त्याग’ आणि ‘स्वीकार’ ही दोन नामे आहेत, दोन्हींना ‘करणे’ हे सकर्मक क्रियापद जोडले आहे आणि दोन्ही एका वाक्यात आहेत. सोडला जातो तो ‘धर्म’, स्वीकारला जातो तो ‘धम्म’. एका अक्षराच्या फरकाने आंबेडकरांनी दोन काठ वेगळे केले. विधीचे नाव ‘दीक्षा’, म्हणजे ‘घेणे’ या जुन्या मराठी कुळातलेच. वाक्य लाखोंनी एकाच वेळी म्हटले, तरी प्रतिज्ञेतील सर्वनाम ‘आम्ही’ नाही, ‘मी’ आहे.